एका फेरीत सहा याद्या

१५ ऑगस्ट १९७७, सोमवार

कारखान्यावर झेंडावंदन झालं. लाडू वाटले. एम. डी. साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं. "यंदापासून ऊसतोडणीच्या याद्या कॉम्प्युटरवर निघतील. आपले वर्धमान मगदूम ते काम करणार आहेत." टाळ्या पडल्या. पुढं बसलेले सभासद वळून वळून माझ्याकडं बघत होते, नवरदेवाला बघतात तसे.

तीन महिने पुण्याला जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकलो, एवढीच माझी लायकी. बी.एस्सी.ला दुसरा वर्ग. पण आता माघार नाही म्हणून ही वही घेतली. काय केलं ते लिहून ठेवावं, उद्या कुणी विचारलं तर सांगता यावं.

तोडणीची यादी म्हणजे आमच्याकडं जीव की प्राण. सहा गटांत मिळून चौदाशेच्या वर लोकांचा ऊस. उसाची लागण ज्या तारखेला झाली त्या क्रमानं नाव लागतं. यादीत नाव असलं की तोडीची चिठ्ठी निघते, चिठ्ठी निघाली की तोडकऱ्यांची टोळी उसाच्या फडात शिरते. नाव नसलं तर ऊस जागेवर उभा. कारखाना एकदा बंद झाला की त्या उसाला कोण विचारत नाही, वाळून चिपाड होतो.

आजवर या याद्या शेतकी खात्याचे हेडक्लार्क आकारामतात्या हातानं लिहायचे. अठरा वर्षं. कार्बन घालून, दाबून दाबून. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम निळं. भाषण चालू असताना ते नखाकडंच बघत बसले होते.

२१ ऑगस्ट, रविवार

पुण्याला जाऊन आलो. कंबरडं मोडलं. मशीन आमचं नाही, तिथल्या एका कंपनीचं आहे. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्हाला दुपारी बारा ते तीन मिळतं. तीन तासांत जे होईल ते. पहाटेच्या गाडीनं जायचं, रात्रीपर्यंत परत यायचं. कार्डांचे खोके मांडीवर. प्रत्येक शेतकऱ्याचं एक कार्ड, त्यात भोकं पाडलेली. नाव, गाव, गट, लागणीची तारीख, सगळं त्या भोकांत.

अडचण अशी की एका गटाची यादी काढायची तर सगळी कार्डं एकदा वाचावी लागतात. सहा गट म्हणजे सहा फेऱ्या. कार्ड वाचणारं यंत्र म्हातारं, मधेच कार्ड चावतं. तीन तासांत दोन गटसुद्धा होणार नाहीत.

येताना रहिमतपूरला गाडी बराच वेळ उभी राहिली, तेव्हा सुचलं. कार्डं एकदाच वाचायची. प्रोग्रॅममध्ये सहा फायली एकदम उघडून ठेवायच्या. कार्ड आलं, गट बघितला, ज्या गटाचं त्या फाइलीत नाव टाकलं, पुढचं कार्ड. एका फेरीत सहा याद्या! मग प्रत्येक फाईल वेगळी छापून घ्यायची. एवढा आनंद झाला की शेजारच्या पैलवानाला सांगायला लागलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पिशवी घेऊन दुसऱ्या बाकावर गेला.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळून किती तास झालेले. आमच्या जैनांत अंधार पडल्यावर जेवत नाहीत. पाणी पिऊन पडलो. बायकोनं, चंदनबालेनं, उशी दिली.

४ सप्टेंबर, रविवार

चाचणी झाली. प्रत्येक गटाची दहा-दहा कार्डं नेली होती, साठ. सहाही याद्या छापून आल्या, प्रत्येकीत दहा नावं, एक कमी नाही, एक जास्त नाही. तिथला ऑपरेटर म्हणाला, "वा, सांगलीकर!" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला वा म्हणालं असेल.

२ ऑक्टोबर, रविवार

खरी फेरी झाली. १४५१ कार्डं. सात वेळा कार्ड अडकलं. दोन वाजून पन्नास मिनिटांनी शेवटची यादी छापून झाली आणि पुढच्यांनी दार वाजवलं. मी नीट बघितलंसुद्धा नाही, गठ्ठे बांधले आणि निघालो. पण मशीननं शेवटी बेरीज छापली आहे, गटवार. एकूण नावं १४५१. कार्डंही १४५१. अजून काय पाहिजे?

पाय सुजलेत. चंदनबाला म्हणाली, "पुढच्या रविवारी तरी घरात असणार का?" मी म्हणालो, असणार. मला माहीत होतं की नसणार.

४ ऑक्टोबर, मंगळवार

याद्या शेतकी खात्यात दिल्या. आकारामतात्यांनी चष्मा लावला. पहिल्या गटाची यादी सावकाश उलगडली, शेवटपर्यंत गेले, परत वर आले.

"मगदूम साहेब, शेवटाला 'अखेर' कुठं हाय?"

त्यांची पद्धत अशी की शेवटचं नाव लिहिलं की खाली दोन रेघा मारायच्या आणि 'अखेर' लिहायचं. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, यादी इथं संपली, पान गहाळ झालेलं नाही. मी ते प्रोग्रॅममधून गाळलं होतं. सहा फायलींना सहा वेळा लिहायचा वैताग.

"तात्या, कागद संपला म्हणजे अखेर," मी म्हणालो. खात्यातली पोरं हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी यादीची घडी घातली. मला नंतर जरा वाईट वाटलं, पण माणसानं तरी किती चिकट असावं.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

हंगाम सुरू झाला. ऊस टाकायच्या गव्हाणीची पूजा, नारळ, पेढे. टोळ्या आल्या. सहाव्या गटाला आटपाडीकडच्या नाथाजी मुकादमाची टोळी आहे, पस्तीस कोयते, म्हणजे पस्तीस जोड्या. याद्यांप्रमाणे चिठ्ठ्या निघाल्या. कुणाची तक्रार नाही. एम. डी. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि लगेच सांगितलं, आता कामगारांची हजेरी आणि गाड्यांच्या खेपा पण मशीनवर घ्या. म्हणजे पुन्हा रविवार.

१५ डिसेंबर, गुरुवार

एक बाई आली होती. पन्नाशीची, पायांत धुळीचे मोजे. सात मैल चालत आली म्हणे. नाव हरणाबाई, सहाव्या गटातली, दीड एकर ऊस. नवरा नाही, मुलगा लष्करात, तिकडं सरहद्दीवर कुठंतरी.

"सायेब, माजं नाव यादीत न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"माज्या भावानं. त्यो म्हणला, सायबाला जाऊन भेट. त्येंच्याच हातनं व्हायला पायजे."

मी तिची लागणीची तारीख बघितली. एकदम उशिराची. म्हटलं, मावशी, तुमची पाळी मार्च संपता संपता. आत्तापासून कशाला हेलपाटे? पण ती हलेना. शेवटी मी खोक्यातून तिचं कार्ड शोधून काढलं आणि समोर धरलं. "हे बघा. हे तुमचं नाव. सहाव्या गटात सगळ्यात शेवटचं कार्ड. आहे की नाही?"

तिनं कार्ड उजेडाकडं धरून बघितलं. "ही भोकं म्हंजी मी व्हय?"

"होय."

"आणि ह्या भोकांचं नाव यादीत हाय?"

"मशीननं मोजलंय, मावशी. मशीन चुकत नाही. तुमच्या भावाला नीट वाचता आलं नसेल."

तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. का हसली कळलं नाही. "वाचता येतं त्येला," म्हणाली आणि गेली.

९ जानेवारी १९७८, सोमवार

काल परत पुणे. हजेरीचा प्रोग्रॅम बोंबलला. आज डोकं ठणकतंय आणि त्यात आकारामतात्या टेबलासमोर येऊन उभे.

"साहेब, एक सांगू का? याद्या एकदा बोटानं मोजा."

"मशीननं मोजल्यात, तात्या."

"मशीननं काय मोजलं त्ये मला ठावं न्हाई. कागद मोजा. पयला गट नुसता मोजा, मग बघा."

मी फिस्कारलो. म्हणालो, तुम्हाला हे मशीन आल्याचं सहन होत नाही, सरळ सांगा. तुमच्या हातचं काम गेलं म्हणून खुसपट काढताय. सगळं खातं ऐकत होतं. तात्यांचा चेहरा पडला. "बरं," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

चुकलं माझं. वडिलांच्या वयाचा माणूस. पण थकल्यावर जीभ ताब्यात राहत नाही. उद्या माफी मागेन.

१० जानेवारी, मंगळवार

माफी मागायची राहिली. तात्या डबा खायच्या सुट्टीत हातानं काहीतरी लिहीत बसलेले दिसले. जवळ गेलो तर कागदावर हात ठेवला. अजून यादी लिहितात की काय? लिहा बाबा. कार्बन खात्याचा, हात तुमचा.

६ फेब्रुवारी, सोमवार

हरणाबाई पुन्हा आली. या वेळी लाह्यांची पुरचुंडी घेऊन. मी घेतली नाही, उगीच लोक काय म्हणतील. तिला तेच सांगितलं, मार्चअखेर. तिनंही तेच सांगितलं, नाव न्हाई. "गटाच्या हापिसात कागूद लावलाय, माज्या वरच्या बांधाच्या रंगुबाईचं पण नव्हतं, पर तिची म्होरल्या म्हैन्यातली चिठ्ठी निगाली. माजी कवा निगंल?"

मी म्हणालो, रंगुबाईची निघाली म्हणजे यादीत होतंच की. मग तुमचंही असणार. झालं की नाही सिद्ध?

बाईनं पुरचुंडी परत पदरात बांधली. म्हणाली, "सायेब, तुमी लय दमल्याला दिसता." सहा महिन्यांत हे कुणी म्हणालं नव्हतं. चंदनबालासुद्धा आजकाल बोलत नाही. वाळलीय बिचारी. म्हणते, हवा मानवत नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

काल पुणे. लिहायला काही नाही. झोप पाहिजे.

१४ मार्च, मंगळवार

हरणाबाई तिसऱ्यांदा. शेंड्याकडची पानं वाळायला लागलीत, ऊस आतून पोकळ पडतोय म्हणाली. सोबत एक कांडं आणलं होतं, मोडून दाखवलं. खरंच मधे भेंडासारखं पांढरं. मी नाथाजी मुकादमाला निरोप धाडला की सहाव्या गटाची शेवटची नावं लवकर घ्या. त्याचा उलटा निरोप: यादीप्रमाणं चाललंय, आणखी वीस नावं राहिलीत, सगळी घेतो. बरं वाटलं. एक काम झालं.

३१ मार्च, शुक्रवार

आकारामतात्या निवृत्त झाले. नारळ, शाल, एम. डी. साहेबांचं भाषण. साहेब म्हणाले, "जुना जमाना गेला, नवा आला." नवा म्हणजे मी. मी खाली मान घालून बसलो.

तात्या बोलायला उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "अठरा सालात कुणाचा ऊस माज्या हातनं ऱ्हायला न्हाई. एक सोडला तर." आणि बसले. कुणाचा ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. चहा गार होत होता.

जाताना कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "खालच्या खणात काय हाय ते बगा सवड झाली की." सवड! मला हसू आलं.

१० एप्रिल, सोमवार

पाडवा झाला आणि टोळ्या गावाकडं निघाल्या. सगळ्या याद्या संपल्या. आता फक्त बाहेरचा, बिगरसभासदांचा ऊस येतोय, अठरा तारखेला कारखाना बंद. साहेबांनी अहवाल मागितलाय: यादीत नावं किती, तोडणी किती. शेजारच्या तीन कारखान्यांची माणसं मशीनची पद्धत बघायला येणार आहेत म्हणे.

११ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

वजनकाट्यावरून चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणून सकाळपासून मोजले. १४५० शेतांचा ऊस आला. यादीत १४५१. म्हटलं एकच राहिलं, ते कोण बघावं. म्हणून चिठ्ठ्या छापील यादीशी लावत गेलो. पहिल्याच गटात तीन चिठ्ठ्या अशा निघाल्या की ते नाव यादीत नाहीच. छापील नव्हे, हातानं लिहिलेल्या. 'जादा चिठ्ठी', खाली आकारामतात्यांची सही. दुसऱ्या गटात तशा आठ. तिसऱ्यात पाच.

माझं टाळकं सणकलं. म्हणजे म्हाताऱ्यानं यादीबाहेरच्या लोकांचा ऊस आपल्या सहीनं घालवला! आणि मला सांगतो बोटानं मोजा! मी तिथल्या तिथं साहेबांच्या नावानं तक्रारीचा कागद लिहायला घेतला. दीड पान लिहिलंसुद्धा. पुरावा म्हणून आकडा पाहिजे होता, छापील यादीत नावं किती आणि बाहेरची किती. म्हणून पहिल्या गटाची यादी बोट ठेवून मोजली.

२४० भरली. मशीनची बेरीज २४३.

परत मोजली. २४०. दुसरा गट: मशीन म्हणतं ३१८, कागदावर ३१०. तिसरा १९५, कागदावर १९०. चौथा, पाचवा, सहावा. कुठल्याच यादीत दहाच्या पटीबाहेर एक नाव नाही.

मग मी मांडी घालून जमिनीवरच बसलो.

हे मशीन नाव आलं की लगेच डिस्कवर लिहीत नाही. दहा नावं आपल्याजवळ जमवतं, दहा झाली की एकदम लिहितं. शेवटी जी सुट्टी राहतात, तीन म्हणा, आठ म्हणा, ती लिहायची तर फाईल बंद करायचा हुकूम द्यावा लागतो. मी सहा फायली उघडल्या. बंद केली ती फक्त कार्डांची. सहाही गटांची शेवटची नावं मशीनच्या पोटातच राहिली आणि पुसली गेली. बेरीज बरोबर आली, कारण ती कार्ड वाचतानाच होत होती. आणि चाचणीला मी शहाण्यानं प्रत्येक गटाची बरोबर दहा कार्डं नेली होती! अकरा नेली असती तर त्याच दिवशी कळलं असतं.

एकतीस माणसं माझ्यामुळं गळली. लागण उशिराची, म्हणून नावं शेवटी, म्हणून महिनोन् महिने कुणाच्या ध्यानात नाही.

किल्ली आठवली. खालचा खण उघडला. हातानं लिहिलेली एक यादी, तारीख चार ऑक्टोबर. म्हणजे मी सगळ्यांसमोर त्यांना हसलो त्याच दिवशी बसून त्यांनी जुन्या नोंदवहीवरून शोधून काढलं. एकतीस नावं. तीस नावांपुढं बरोबरची खूण आणि जादा चिठ्ठीची तारीख. शेवटचं नाव हरणाबाई. त्याच्यापुढं खूण नाही. नुसतं लिहिलंय: 'साहेबांच्या हातून व्हावे.' साहेब म्हणजे मी.

तक्रारीचा कागद फाडला.

१२ एप्रिल, बुधवार

सायकलवर सहाव्या गटात गेलो. तात्यांचं घर त्या बाजूलाच आहे एवढं माहीत होतं. दारात हरणाबाई शेंगा निवडत बसलेली. मी तसाच उभा राहिलो.

"बस की सायेब," ती म्हणाली. "भाऊ, तुजं सायेब आलं बग."

भाऊ! तिचा वाचता येणारा भाऊ म्हणजे आकारामतात्या.

तात्या बाहेर आले, घोंगडं टाकलं. मी पाया पडलो. रडू आलं ते आवरलं नाही. मी विचारलं, तात्या, तिसांना चिठ्ठ्या दिल्या, मग सख्ख्या बहिणीलाच का नाही?

"सख्खी म्हणूनच न्हाई," तात्या म्हणाले. "जादा चिठ्ठी म्हंजी यादीबाहेरचं काम. उद्या कुणी इचारलं तर मी सांगू शकत हुतो, ह्या तिसांशी माजं काय नातं न्हाई, नोंदवही बगा. त्यात बहिणीची एक घातली असती, तर लोक म्हणलं असतं, म्हाताऱ्यानं बहिणीसाठी समदी यादीच फिरवली. मग त्या तिसांच्या उसावर पण बोट आलं असतं."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं की. मोजा म्हणून सांगितलं. त्येच्या म्होरं सांगाय तुमी मला बसू कुठं दिलं?"

"साहेबांना सांगायचं."

"तुमची नोकरी गेली असती, गड्या. पयलं साल. मला वाटलं, बाई सारखी जातीया, आज ना उद्या तुमी कागद मोजशीला."

हरणाबाई आतून पाणी घेऊन आली. एवढं ऐकूनसुद्धा. मी विचारलं, मावशी, ऊस कसा आहे? ती म्हणाली, "हुबा हाय." बस्स. घरामागच्या तिच्या फडात जाऊन बघितलं. पानं वाजत होती वाऱ्यानं, कागदासारखी.

१३ एप्रिल, गुरुवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, पुढच्या आठवड्यात तीन कारखान्यांची माणसं येतायत आणि तुम्ही मला हे सांगताय? मग खुर्चीत मागं टेकून शांतपणे बोलले. तीस जादा चिठ्ठ्यांवर आकारामची सही आहे ना? मग त्यानं परस्पर गडबड केली असं लिहा. तो निवृत्त झालाय, त्याचं आता काय जातंय? आणि त्या बाईचा ऊस गुऱ्हाळाला जाईल.

लिहायला लाज वाटते, पण मी नकार दिला नाही. "बघतो" म्हणालो आणि बाहेर आलो. खरंच बघणार होतो, हे कबूल करतो. एक ओळ लिहिली की मी सुटत होतो.

घरी लवकर गेलो, सूर्य वर होता. चंदनबाला भाकरी करत होती. तिच्या मनगटात बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. म्हटलं, डॉक्टरला दाखवू या का? काय होतंय तुला?

"काही होत नाही," ती म्हणाली. "पुण्याहून येता तेव्हा तुम्ही उपाशी झोपता. उशीर होतो त्या दिवशी पण. मग मी पण तशीच झोपते. आठ महिने झाले. कधी विचारलंत का?"

समोरच बसून जेवलो दोघं. मग तसाच कपडे घालून साहेबांच्या बंगल्यावर गेलो आणि सांगितलं, चूक माझी आहे, मी तशी लिहून देणार, आणि हरणाबाईंचा ऊस अठराच्या आत आला पाहिजे. साहेब खूप बोलले. नोकरीचं पुढच्या बैठकीत ठरेल म्हणाले. शेवटी एक ट्रक दिला. "टोळी मिळाली तर आणा. मी कुणाला सांगणार नाही."

१४ एप्रिल, शुक्रवार

ट्रकनं आटपाडी. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. नाथाजी मुकादम झाडाखाली बैलांच्या पाठीला तेल चोळत होता. कालच पोचले होते.

"दीड एकरासाठी माघारी? आवं सायेब, बायका पोरं आत्ता कुठं घरात टेकली. आनी नाव यादीत असतं तर आमी सोडलं असतं व्हय?"

"नाव यादीत नव्हतं."

"मग चूक कुणाची?"

"माझी."

त्यानं तेलाचे हात पुसले. "सहा म्हैनं तुमच्या हंगामात ऱ्हायलो, कुणा हापिसवाल्यानं असं तोंडानं म्हटल्यालं ऐकलं न्हाई." मग वाडीत हाक घातली. बारा कोयते तयार झाले. पस्तीस पाहिजे होते. "चला," म्हणाला, "पर मोळ्या तुमी उचलायच्या."

१७ एप्रिल, सोमवार

काल आणि आज तोडणी. मोळ्या उचलल्या, खांदा सोलून निघालाय. तात्या बांधावर बसून मोळ्या मोजत होते, बोटानं. संध्याकाळी ट्रकची शेवटची खेप काट्यावर लागली. दीड एकराचं जेवढं वजन भरायला हवं होतं त्याच्या निम्म्यालाही पोचलं नाही. ऊस हाताला हलका लागत होता तेव्हाच कळलं होतं. गेलं ते गेलं, ते मी कुठून आणून देणार?

काट्यावरच्या कारकुनानं नाव विचारलं. यादीत सापडेना म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, हातानं लिही. हरणाबाई माझ्या शेजारी उभी राहून त्याचा हात चालताना बघत होती.

मी म्हणालो, मावशी, माफ करा. पुढच्या वर्षी मी असलो नसलो तरी प्रोग्रॅम दुरुस्त करून ठेवतो. असं होणार नाही.

"पुढल्या सालाला मी लागण आदुगर करणार," ती म्हणाली. "म्हंजी नाव शेवटाला नको. शेवटाला हुबं ऱ्हायचं लय अवघड."

"तुमचं नसलं तर दुसऱ्या कुणाचं असेल, मावशी. शेवटी कुणीतरी असणारच."

"तेच म्हणती मी," ती म्हणाली. "त्या कुणाला तरी इचारत जावा, बाबा. त्यो सांगत आलेला असतोय."